एक ओळ बदलली, मग सगळा प्रकल्प पुन्हा का बांधला जातोय?

खिडकीच्या चौकटीला रंग द्यायला माणूस बोलावला आणि त्याने आल्या आल्या भिंत पाडून पाया खणायला घेतला, तर आपण त्याला हाकलून देऊ. संगणकासमोर मात्र आपण हाताची घडी घालून हेच बघत बसतो. पायथनच्या फाइलीत एक शब्द बदलला, बिल्ड मारला, आणि ज्या सी++ किंवा रस्टच्या कोडला महिनाभर कुणी हात लावलेला नाही तो पहिल्यापासून कंपाइल व्हायला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरायला लागला. वैतागून काहीही न बदलता पुन्हा बिल्ड मारला. पुन्हा तेच.

एकाच भाषेतल्या प्रकल्पातही हा त्रास होतो, पण दोन-तीन भाषा एकत्र नांदायला लागल्या की तो रोजचा होतो. आणि असे मिश्र प्रकल्प आता अपवाद राहिलेले नाहीत. पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' या लायब्ररीने (लायब्ररी म्हणजे इतरांना वापरता येणारा तयार कोड) 2021 साली 3.4 आवृत्तीत रस्ट आणलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. 'पायडँटिक'च्या दुसऱ्या आवृत्तीत, 2023 मध्ये, तिचा गाभा रस्टमध्ये गेला. लिनक्स कर्नल म्हणजे सी भाषेचा बालेकिल्ला. तिथेही डिसेंबर 2022 मधल्या 6.1 आवृत्तीपासून रस्टला दार उघडलं. म्हणजे ज्याला फक्त पायथन येतं त्याच्याही टर्मिनलवर आता दुसऱ्याच भाषेचा कंपायलर घरघरत असतो, आणि तो नेमका का घरघरतोय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यंत्र लहरी आहे म्हणून हे घडत नाही. प्रत्येक फेरबिल्डमागे एक नेमकं कारण असतं आणि बहुतेक साधनं ते विचारल्यावर सांगतातही. आपण विचारत नाही, एवढंच.

## बिल्ड म्हणजे काय

माणसाने लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायचा, त्याचे तुकडे जोडायचे आणि शेवटी वापरता येईल अशी वस्तू तयार करायची, ही सगळी प्रक्रिया म्हणजे बिल्ड. ती ज्याच्या देखरेखीखाली होते ते बिल्ड साधन: मेक, निंजा, रस्टचं कार्गो, ग्रेडल, बेझेल वगैरे.

कंपाइल करणं हे खरं तर कंपायलरचं काम. बिल्ड साधनाचं काम वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड आहे. कुठलं काम आज करायची गरज नाही, हे त्याला ठरवायचं असतं. हजार फाइलींपैकी तीन बदलल्या असतील तर तीनच कंपाइल करायच्या आणि बाकीच्यांचा मागचा माल तसाच वापरायचा. त्यासाठी त्याला एक वही ठेवावी लागते: ही वस्तू कशाकशापासून बनली, आणि ती बनल्यानंतर त्यातलं काय बदललं.

## 1976 मधली एक वाया गेलेली सकाळ

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यामागची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एका सकाळी चिडून त्यांच्याकडे आले. प्रोग्राममधली चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. त्यामुळे अख्खी सकाळ ते बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसले. आदल्याच संध्याकाळी फेल्डमन यांचाही वेळ असाच वाया गेला होता.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मेकचा जन्म जास्तीचा बिल्ड टाळण्यासाठी झाला असं आपण समजतो. त्याला जन्माला घातलं ते राहून गेलेल्या बिल्डने.

मेकचा नियम साधा आहे. तयार फाइलीपेक्षा मूळ फाइल नवी असेल तर पुन्हा बनवा. नवी की जुनी हे फाइलीवर शेवटचं लिहिलं गेल्याच्या वेळेवरून ठरतं, म्हणजेच टाइमस्टँपवरून. आत काय लिहिलंय ते मेक उघडूनही बघत नाही.

## घड्याळ खोटं बोलत नाही, पण पुरेसंही सांगत नाही

टाइमस्टँप तपासणं अतिशय स्वस्त पडतं, म्हणून ही पद्धत अजून टिकून आहे. फक्त तिला 'फाइलीला हात लागला' आणि 'फाइल बदलली' यातला फरक कळत नाही.

गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन. त्यात दुसऱ्या ब्रँचवर, म्हणजे प्रकल्पाच्या दुसऱ्या फाट्यावर, जाऊन लगेच परत या. दोन्हीकडे वेगळ्या असलेल्या फाइली दोनदा लिहिल्या गेल्या. मजकूर अक्षरशः पूर्वीचाच, वेळ मात्र आत्ताची. गिट फाइलींच्या वेळा साठवतच नाही, त्यामुळे सर्व्हरवर प्रकल्प नव्याने उतरवला की प्रत्येक फाइल 'आज' जन्मलेली दिसते, आणि जपून ठेवलेला कालचा माल एका फटक्यात शिळा ठरतो.

दुसरा नमुना मिश्र प्रकल्पांत जास्त सापडतो. एखादा छोटा प्रोग्राम दुसऱ्या भाषेसाठी कोड लिहून देतो. पायथनची स्क्रिप्ट सी++ची हेडर फाइल तयार करते, असं समजा. हेडर म्हणजे इतर अनेक फाइली जिला आत ओढून घेतात अशी सामायिक फाइल. स्क्रिप्ट दर वेळी चालते, तोच मजकूर पुन्हा लिहिते, वेळ बदलते, आणि त्या हेडरवर विसंबलेल्या दोनशे फाइली रांगेत उभ्या राहतात. इलाज दोन ओळींचा आहे: आधी जुना मजकूर वाचा, नवा तसाच असेल तर लिहूच नका. सीमेक या सी++च्या बिल्ड साधनामध्ये यासाठी 'कॉपी इफ डिफरंट' नावाची सोयच दिलेली आहे.

मग वेळेऐवजी मजकुरावरच का विसंबू नये? काही साधनं तेच करतात. मजकुरावर गणित करून एक छोटा ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. मजकूर बदलला तर ठसा बदलतो. बेझेल याच तत्त्वावर चालतं. कार्गो मिश्र पद्धत वापरतं: आपल्या स्वतःच्या फाइलींसाठी वेळ, आणि कंपायलरची आवृत्ती, फ्लॅग (म्हणजे आज्ञेसोबत दिलेल्या सूचना), निवडलेले पर्याय यांच्यासाठी ठसा. जाता जाता: पायथनला कंपाइल करावं लागत नाही असं म्हणतात, पण तोही आपल्या पीवायसी फाइलींत (कोडचं रूपांतर जपून ठेवणाऱ्या) मूळ फाइलीची वेळ आणि आकार टिपून ठेवतो. 3.7 आवृत्तीपासून तिथेही ठशाचा पर्याय आला आहे.

## कच्चा माल म्हणजे फक्त फाइली नव्हेत

बहुतेकांचा तपास इथेच भरकटतो. 'मी तर काहीच बदललं नाही' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फक्त कोडच्या फाइली असतात. तयार होणारा माल कंपायलरच्या आवृत्तीवरही अवलंबून असतो, त्याला दिलेल्या फ्लॅगवर असतो, प्रकल्प कुठल्या फोल्डरात ठेवला आहे यावरही असू शकतो. आणि सगळ्यात निसटता मामला म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: टर्मिनलच्या पोटात ठेवलेली नाव-किंमत जोडी, जी तिथून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला आपोआप मिळते. कुठला पायथन वापरायचा, लायब्ररी कुठे शोधायच्या, हे अनेकदा तिथून ठरतं.

साधं मेक यातलं काहीच बघत नाही. फ्लॅग बदलले तरी ते ढिम्म. निंजा मागच्या वेळची पूर्ण आज्ञा लक्षात ठेवतं आणि ती बदलली तर पुन्हा बनवतं. कार्गो आणखी काटेकोर आहे. साधन जितकं काटेकोर तितका त्याचा माल भरवशाचा, आणि तितकीच आपल्या नजरेआडच्या बदलाने ते दचकण्याची शक्यताही जास्त.

## एका पेढीवर दोन मुनीम

आता मिश्र प्रकल्पाकडे. इथे एक वही नसते. पायथनच्या बाजूचं पॅकेज साधन आपली वही ठेवतं, कार्गो आपली, सीमेक आणि निंजा त्यांची. एकाला दुसऱ्याची वही वाचता येत नाही. बिघाड होतो तो बहुतेक वेळा या साधनांच्या मधल्या सांध्यावर.

बाहेरच्या साधनापुढे, म्हणजे जे दुसऱ्याला कामाला लावतं त्याच्यापुढे, पेच असा असतो की आतल्या भाषेत काही बदललं का, हे त्याला कळणार कसं? ते ठरवायला रस्टच्या फाइलींची यादी सीमेकमध्ये हाताने लिहून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. महिन्याभरात ती यादी खोटी होते. त्यापेक्षा बाहेरच्याने आतल्याला दर वेळी विचारावं हे बरं. कार्गोला करण्यासारखं काही नसेल तर ते सहसा चटकन परततं. अट एकच: काम नसेल तर आतल्याने तयार फाइलीला स्पर्शही करू नये. मधली एखादी 'कॉपी करून इकडे ठेव' अशी पायरी ही अट मोडते. लायब्ररी तीच, पण कॉपी नवी, म्हणून वेळ नवी, म्हणून बाहेरचा मुनीम पुढचं सगळं जोडकाम पुन्हा काढतो. निंजामध्ये याच कारणासाठी 'रीस्टॅट' नावाची सूचना आहे: पायरी चालवून झाल्यावर फाइलीची वेळ पुन्हा बघ, बदललेली नसेल तर पुढची कामं रद्द कर.

दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण त्यात दोघेही बरोबर असतात. पायथनमधून रस्ट वापरायचं तर 'पायओ-थ्री' ही लायब्ररी बहुतेक ठिकाणी असते. तिला कुठल्या पायथनशी जुळवून घ्यायचं ते ठरवावं लागतं. त्यासाठी ती काही व्हेरिएबल बघते: 'पायओथ्री_पायथन' आहे का, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरता वेगळा ठेवलेला पायथन) चालू आहे का, 'कोंडा' हे तशाच कामाचं साधन आहे का. यांपैकी काही बदललं की ती स्वतःला पुन्हा जुळवून घेते आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा कंपाइल होतं. यात तिची काही चूक नाही.

आता तुमच्या टर्मिनलमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू आहे. एडिटर मात्र तुम्ही आयकॉनवर क्लिक करून उघडलाय, त्याला ते माहीत नाही. एडिटरमधला रस्ट-अॅनालायझर, म्हणजे रस्टचा कोड तपासणारा मदतनीस, तुम्ही फाइल सेव्ह केली की मागे गुपचूप कार्गो चालवतो, त्याच फोल्डरात, पण स्वतःच्या व्हेरिएबलसह. त्याने वही आपल्या मनासारखी लिहिली. तुम्ही टर्मिनलमध्ये बिल्ड मारला. कार्गोला व्हेरिएबल बदललेलं दिसलं, सगळं पुन्हा. तुम्ही फाइल सेव्ह केली. एडिटरच्या कार्गोला ते पुन्हा उलटं दिसलं, सगळं पुन्हा. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांपैकी एक पंखा लावतो, दुसरा बंद करतो, आणि दोघेही एकमेकांना दिसत नाहीत, तशातला हा प्रकार. 'मॅच्युरिन' (रस्टच्या कोडचं पायथन पॅकेज बनवणारं साधन) आणि साधं कार्गो आलटून पालटून चालवलं तरी हेच होतं, कारण मॅच्युरिन ते व्हेरिएबल स्वतः भरून देतं.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. दोघांना एकच किंमत द्या: टर्मिनलमध्ये आणि एडिटरच्या सेटिंगमध्ये 'पायओथ्री_पायथन' सारखं ठेवा, किंवा एडिटरच त्या टर्मिनलमधून उघडा. नाहीतर दोघांच्या खोल्या वेगळ्या करा: रस्ट-अॅनालायझरला स्वतःचं वेगळं टार्गेट फोल्डर, म्हणजे तयार माल ठेवायची जागा, देता येतं. डिस्कवर जागा जास्त जाते, पण भांडण मिटतं. मी बहुतेक वेळा दुसरा रस्ता धरतो, कारण पहिला टीममधल्या प्रत्येकाने पाळावा लागतो.

पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपचंही एक वेगळेपण माहीत असलेलं बरं. बिल्ड करताना पिप सहसा दर वेळी नवं, रिकामं, तात्पुरत्या नावाचं वातावरण तयार करतं, म्हणजे तुमच्या संगणकावरची अडगळ आत शिरत नाही. हेतू उत्तम. पण नवं नाव म्हणजे नवा रस्ता, आणि तो रस्ता ज्याच्या वहीत लिहिला गेला त्याला दर वेळी सगळं बदललेलं दिसतं. रोजच्या कामात 'नो बिल्ड आयसोलेशन' हा पर्याय वापरून हे टाळता येतं; बिल्डला लागणारी साधनं मात्र मग आपली आपण बसवायची.

## पायथनची ओळ आणि रस्टची धावपळ

सुरुवातीचं कोडं अजून बाकी आहे. फक्त पायथन बदललं होतं, मग दुसरी भाषा का हलली?

कार्गोमध्ये बिल्ड स्क्रिप्ट असते, 'बिल्ड डॉट आरएस' नावाची. मुख्य कंपाइल होण्याआधी ती चालते आणि बऱ्याचदा सी किंवा सी++चा कोड बांधते. आपण कुठल्या फाइलींवर अवलंबून आहोत हे तिने स्वतः जाहीर करायचं असतं. काहीच जाहीर केलं नाही तर कार्गो सावध पवित्रा घेतं: पॅकेजमधली कुठलीही फाइल बदलली की स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. आता पायथनच्या फाइली त्याच पॅकेजच्या फोल्डरात असतील, आणि मिश्र प्रकल्पात त्या बऱ्याचदा असतात, तर पायथनची एक ओळ, इतकंच काय माहितीच्या फाइलीतला एक स्वल्पविराम, सी++ची गिरणी सुरू करायला पुरतो.

याच्या उलट चूकही होते. स्क्रिप्टने फाइल जाहीर केली, पण नाव चुकीचं लिहिलं किंवा ती फाइल नंतर हलवली गेली. जी फाइल अस्तित्वातच नाही ती 'बदललेली नाही' असं कार्गो कसं म्हणणार? म्हणून स्क्रिप्ट प्रत्येक वेळी चालते. एका स्पेलिंगच्या चुकीवर मी एक पूर्ण दुपार घालवली आहे, आणि त्यातला बराच वेळ फ्लॅगवर संशय घेण्यात गेला.

तिसरा नेहमीचा संशयित म्हणजे बिल्डची वेळ किंवा गिटचा क्रमांक लिहिलेली हेडर फाइल. ती दर वेळी बदलणारच, तिचं कामच ते. ती माहिती एकाच छोट्या फाइलीत बंद करा आणि बाकीच्यांना फंक्शनमधून विचारू द्या, म्हणजे कंपाइल होईल ती एकच फाइल.

## तपास कसा करायचा

आधी दोनदा बिल्ड मारा, मध्ये कशालाही हात न लावता. पहिल्या खेपेत काय घडलं ते सोडून द्या, सगळा पुरावा दुसऱ्या खेपेत असतो. दुसऱ्यांदाही काम निघत असेल तर दोष प्रकल्पातच आहे. दुसरी खेप शांत गेली, पण एडिटरमध्ये सेव्ह केल्यावर पुन्हा सुरू झालं, तर भांडण दोन साधनांचं आहे. या एका चाचणीने निम्मा तपास संपतो.

मग साधनाला कारण विचारा. निंजाला '-डी एक्सप्लेन' दिलं की कुठली फाइल कशापेक्षा जुनी ठरली ते ते सांगतं. जीएनयू मेकला '--ट्रेस', ग्रेडलला '--इन्फो', बेझेलला '--एक्सप्लेन'. कार्गोला '-व्ही' दिलं तर 'डर्टी' या शब्दापुढे कारण छापून येतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर 'कार्गो_लॉग' या व्हेरिएबलमधून फिंगरप्रिंटच्या, म्हणजे कार्गोच्या ठशांच्या, सविस्तर नोंदी मागता येतात.

उत्तर शेकडो ओळींचं येईल. घाबरू नका, वाचायची फक्त पहिली ओळ. बाकीचं सगळं 'ती बदलली म्हणून मीही' अशी रांग असते. कारण एखादं व्हेरिएबल निघालं तर दोन्ही ठिकाणची सगळी व्हेरिएबल क्रमाने लावून दोन फाइलींत उतरवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. गुन्हेगार बहुतेक वेळा 'पाथ' (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ते सांगणारं व्हेरिएबल) किंवा पायथनशी संबंधित काहीतरी असतो.

## 'क्लीन करून टाका ना!'

हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की तो उपाय वाटायला लागतो. क्लीन करणं म्हणजे वही जाळून कोऱ्या पानापासून सुरुवात करणं. त्या वेळेपुरतं सगळं सुरळीत होतं, कारण बांधायचंच सगळं होतं. पण दुसऱ्या बिल्डला दुखणं परत, आणि ज्या नोंदींवरून कारण कळलं असतं त्याही गेल्या.

## 'मोठं मशीन घेऊ, नाहीतर सीकॅश लावू'

सीकॅश हे चांगलं साधन आहे. तोच सी किंवा सी++ कोड त्याच फ्लॅगसह पुन्हा आला तर ते मागचं उत्तर काढून देतं. पण बिल्ड साधन अजूनही दोनशे वेळा विचारतच असतं, आणि शेवटचं जोडकाम त्याच्या कक्षेत येत नाही. रस्टसाठी वेगळी कॅश लागते. ताप मोजणं थांबवून पंखा लावल्यासारखं आहे हे. बरं वाटतं, ताप तिथेच.

## 'मग सगळं बेझेलवर का नेत नाही?'

सगळ्या भाषांची एकच वही ठेवणं हाच बेझेलसारख्या साधनांचा दावा आहे, आणि तो खरा आहे. किंमत अशी की प्रत्येक कच्चा माल आधी जाहीर करावा लागतो, आणि प्रत्येक भाषेची रूढ साधनं बाजूला ठेवून त्याच्या पद्धतीने चालावं लागतं. शंभर जणांच्या टीमला ते परवडतं. चार जणांच्या टीमने तीन ओळींच्या दुरुस्तीसाठी घर बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तिथेही 'पाथ'सारखं व्हेरिएबल आत झिरपलं की हाच खेळ सुरू होतो.

## दुरुस्ती अति झाली तर

आता त्या वाया गेलेल्या सकाळकडे परत. फेरबिल्ड थांबवायच्या नादात एखादा खरा कच्चा माल वहीतून खोडला गेला, तर बिल्ड झटपट होईल आणि माल शिळा निघेल. कार्गोच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये हे फार सहज घडतं: तुम्ही एक जरी फाइल जाहीर केली तरी बाकीच्या पॅकेजवरची नजर उठते. सी++ची एक फाइल जाहीर केली आणि तिचं हेडर विसरलात, तर हेडरमधला बदल कधीच पोचणार नाही. पाच मिनिटांचा नाहक बिल्ड निदान डोळ्यांना दिसतो. शिळा माल दिसत नाही; तुम्ही बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसता.

म्हणून दुरुस्तीनंतर चाचणी दोन्ही बाजूंनी घ्यायची. आधी काही न बदलता बिल्ड मारून निंजाकडून 'नो वर्क टू डू' ही ओळ मिळवायची. मग सी++च्या हेडरमध्ये एक आकडा बदलायचा, बिल्ड मारायचा, आणि पायथनमधून फंक्शन बोलावून नवा आकडा येतो का ते बघायचं. मग रस्टमध्ये, मग कोड तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, असं प्रत्येक भाषेत एकेकदा.